डब्याच्या मागची बाजू : सुरक्षित रसायनांविषयीचे सरकारी नियम खरेदी करताना कसे वापरावेत

दिवाळीच्या आधी आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील बालवाडीच्या खिडक्यांचे गज रंगवायचे ठरले, तेव्हा रंगाऱ्याने पिवळ्या ऑइल पेंटचा चार लिटरचा डबा आणून ओट्यावर ठेवला. झाकण उघडण्याआधी मी तो फिरवून मागची बाजू वाचली. थिनर किती घालावा, किती वेळाने दुसरा हात द्यावा, किती चौरस फूट जागा रंगेल, हे सारे त्यावर छापलेले होते. शिशाबद्दल मात्र एक शब्दही नव्हता. दुकानदाराला विचारले, तर "हल्ली सगळे रंग सारखेच असतात," असे उत्तर मिळाले. ते खरे नाही. घरगुती व सजावटी रंगांतील शिशाचे प्रमाण ठरवणारे नियम केंद्र सरकारने १ नोव्हेंबर २०१६ रोजी अधिसूचित केले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ते लागू आहेत. डब्यावर शिशाच्या प्रमाणाची ओळ असणे ही दुकानदाराची मेहरबानी नसून कायद्याने घातलेली अट आहे.

रसायनांविषयीचे सरकारी धोरण राजपत्रात जन्मते. पण आपल्या हाती ते पडते एखाद्या छापील ओळीच्या, रंगीत चौकोनाच्या किंवा नोंदणी क्रमांकाच्या रूपाने. गिऱ्हाइकाने ती ओळ मागितली नाही, तर दुकानदार ती घाऊक व्यापाऱ्याकडे मागत नाही आणि घाऊक व्यापारी कारखान्याकडे मागत नाही. म्हणून या लेखात कायद्यांची जंत्री न देता, कोणती वस्तू घेताना काय वाचावे, काय विचारावे आणि काय लिहून घ्यावे, एवढेच सांगितले आहे.

रंगाचा डबा

शिसे रंगात चुकून येत नाही, बहुतेक वेळा ते घातलेले असते. लेड क्रोमेट या संयुगामुळे पिवळा आणि नारिंगी रंग झळझळीत दिसतो व टिकतो, तर शिशाची काही संयुगे ऑइल पेंट लवकर वाळावा म्हणून वापरली जात. त्यामुळे धोका सर्व रंगांत सारखा नसतो. भिंतीला द्यायच्या, पाण्यात मिसळणाऱ्या इमल्शनपेक्षा लोखंडाला व लाकडाला द्यायच्या इनॅमलमध्ये, आणि इनॅमलमध्येही पांढऱ्यापेक्षा पिवळ्या, नारिंगी, लाल व हिरव्या छटांत शिसे सापडण्याची शक्यता अधिक असते. घसरगुंडी, झोपाळा आणि बालवाडीचे गज नेमक्या याच छटांनी रंगवले जातात, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते. कारण पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलांच्या शरीरात प्रौढांच्या चार ते पाच पट शिसे शोषले जाते, आणि रक्तातील शिशाची अमुक एक पातळी निर्धोक आहे, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही.

डबा हातात घेतल्यावर प्रथम शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा अधिक नसल्याची नोंद शोधावी. ९० पीपीएम म्हणजे एका किलोला ९० मिलिग्रॅम. त्याच बाजूला उत्पादकाचे नाव व पत्ता, उत्पादनाचा महिना आणि बॅच क्रमांक आहे की नाही, हेही पाहावे, कारण पुढे तक्रार करण्याची वेळ आली तर बॅच क्रमांकाशिवाय ती टिकत नाही. "लेड फ्री" असा चकचकीत शिक्का पुढच्या बाजूला असला, तरी मागची नोंद वाचायची टाळू नये.

यानंतरची गोष्ट बहुतेक जण विसरतात. वरील नियम घरगुती व सजावटी रंगांना लागू आहेत. यंत्रसामग्रीसाठी किंवा रस्त्यावरील पट्ट्यांसाठी बनवलेले औद्योगिक रंग त्यांच्या कक्षेत येत नाहीत. गेट, जिना, पाण्याची टाकी यांसाठी रंगारी कित्येकदा "मजबूत असतो" म्हणून औद्योगिक इनॅमल सुचवतो. मुलांचा हात जिथे पोहोचतो, तिथे तो घेऊ नये. तसेच दुकानातल्या यंत्रावर छटा तयार करून घेतली, तर डब्यावरची नोंद ही मूळ बेसची असते, वरून सोडलेल्या रंगद्रव्याची नव्हे. तेव्हा यंत्रात भरायच्या रंगद्रव्याच्या बाटलीवरील नोंदही दाखवायला सांगावी. आम्ही तसे सांगितले, तेव्हा दुकानातल्या मुलाने ती बाटली कोणत्याही कुरकुरीशिवाय काढून दाखवली. इतकी वर्षे ती कोणी मागितली नव्हती, एवढेच.

शेवटी पक्के बिल घ्यावे आणि त्यावर रंगाचे पूर्ण नाव, छटा व बॅच क्रमांक लिहून घ्यावा. शंका फारच असेल, तर परीक्षण प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, म्हणजे एनएबीएलची, मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत नमुना तपासून घेता येतो. बाजारात मिळणाऱ्या, घासून रंग बदलणाऱ्या कांड्यांवर विसंबू नये. खूप शिसे असेल तर त्या दाखवतात, ९० पीपीएमच्या आसपासचे प्रमाण त्यांना कळत नाही.

जुना रंग उतरवताना

२०१७ पूर्वी दिलेल्या ऑइल पेंटमध्ये शिसे आहे असे धरूनच चालावे. तो घट्ट चिकटलेला असेल, तर खरवडण्यापेक्षा त्यावर नवा हात देणे बरे. पोपडे सुटत असतील, तर कोरड्या सँडपेपरने घासू नये आणि दिव्याने जाळून तर मुळीच काढू नये, कारण घासल्याने शिशाची धूळ आणि जाळल्याने शिशाची वाफ हवेत जाते. पृष्ठभागावर पाणी फवारून, तो सतत ओला ठेवून, रंगारी ज्याला पाण्याचा पॉलिश पेपर म्हणतात त्याने घासावे. काम चालू असताना मुले आणि गरोदर स्त्रिया त्या खोलीत नसाव्यात, सामान प्लॅस्टिकने झाकलेले असावे, आणि काम संपल्यावर केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून काढावे. निघालेले पोपडे बागेच्या मातीत टाकू नयेत. रंगाऱ्याने हातपाय धुऊनच जेवायला बसावे व कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत, हे त्याला समजावून सांगणे हे काम देणाऱ्याचे कर्तव्य आहे. सर्वांत जास्त धूळ त्याच्याच छातीत जाते.

(गणपतीची मूर्ती घेतानाही हाच विचार करावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत मूर्ती मातीची असावी एवढेच सांगितलेले नाही, तर विषारी रासायनिक रंग वापरू नयेत असेही सांगितले आहे. शाडूची मूर्ती ऑइल पेंटने रंगवली असेल, तर मातीचा हेतू अर्धाच साधतो.)

कीटकनाशकाच्या बाटलीवरचा चौकोन

आपल्याकडे कीटकनाशकाला "औषध" म्हणतात, आणि त्या एका शब्दाने सावधगिरी निम्मी कमी होते. कीटकनाशके अधिनियम, १९६८ आणि त्याखालील १९७१ चे नियम यांनुसार प्रत्येक बाटलीवर किंवा पुडीवर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणाची पातळी सांगतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अति विषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी आणि हिरवा म्हणजे किंचित विषारी. लाल चौकोनात वर कवटी व हाडांचे चित्र आणि विष असल्याचा शब्द असतो, पिवळ्यात तो शब्द असतो, निळ्यात धोका आणि हिरव्यात खबरदारी असे लिहिलेले असते.

हे रंग ठरतात ते प्रयोगातील निम्मे प्राणी दगावतील एवढ्या मात्रेवरून. शरीराच्या दर किलो वजनामागे ती मात्रा तोंडावाटे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५००० असेल तर निळा, आणि त्याहून अधिक असेल तर हिरवा. येथे एक गैरसमज दूर करणे फार आवश्यक आहे. हा रंग केवळ लगेच होणाऱ्या विषबाधेविषयी बोलतो. ते रसायन मधमाशीला, विहिरीतल्या माशाला किंवा वर्षानुवर्षे फवारणी करणाऱ्या माणसाला काय करते, हे त्या रंगावरून कळत नाही. हिरवा त्रिकोण म्हणजे सेंद्रिय नव्हे, आणि हिरव्या त्रिकोणाच्या औषधाची फवारणी उघड्या अंगाने करावी असाही त्याचा अर्थ नव्हे.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. उंच वाढलेली, दाट कपाशी, त्यात डोक्याच्या वर धरलेले नळकांडे, दमट हवा, अंगावर घामाने भिजलेला सदरा, आणि एकाच पंपात मिसळलेली दोन-तीन औषधे. माहितीपत्रक बाटलीसोबत होते, पण ते वाचून कोणाला दाखवले गेले होते, हा खरा प्रश्न आहे. म्हणून कृषी सेवा केंद्रात गेल्यावर दुकानदाराच्या सल्ल्याआधी स्वतःची चार कामे करावीत. आपल्या पिकाचे आणि किडीचे नाव त्या औषधाच्या मान्यताप्राप्त वापरात आहे का, ज्याला बागायतदार "लेबल क्लेम" म्हणतात, ते पाहावे. त्याच किडीसाठी निळ्या किंवा हिरव्या त्रिकोणाचे दुसरे औषध आहे का, हे विचारावे. माहितीपत्रक मागून घ्यावे. त्यात मात्रा, विषबाधेची लक्षणे, उतारा आणि फवारणी व काढणी यांत ठेवायचे अंतर दिलेले असते. आणि पक्के बिल घेतल्याखेरीज दुकानाची पायरी उतरू नये. औषधे एकमेकांत मिसळायला दुकानदाराने सांगितले, तर ते मिश्रण माहितीपत्रकात कोठे लिहिले आहे, असा सरळ प्रश्न करावा.

काही औषधे आता मिळताच कामा नयेत. २०१८ च्या आदेशाने १८ कीटकनाशकांवर बंदी आली; त्यांपैकी डायक्लोरव्हॉस, फोरेट, ट्रायझोफॉस, फॉस्फामिडॉन यांच्यावरील बंदी ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्णपणे लागू झाली. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच बंदी घातली. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ पासूनच मनाई आहे. यांपैकी एखादे नाव दुकानाच्या फळीवर दिसले किंवा भाजीसाठी सुचवले गेले, तर तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात कीटकनाशक निरीक्षकाकडे लेखी कळवावे.

या बाबतीत नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदारांकडून शिकण्यासारखे आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले म्हणून युरोपात भारतीय द्राक्षे अडली आणि त्या हंगामात बागायतदार व निर्यातदार दोघेही पोळले. आज युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची बाग अपेडाच्या, म्हणजे शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाच्या, ग्रेपनेट प्रणालीत नोंदलेली असते आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून अंशतपासणी झाल्याशिवाय माल निघत नाही. त्यामुळे लेबल क्लेम, पीएचआय (फवारणी व काढणी यांतील अंतर), रेसिड्यू (मालात उरलेले औषधाचे अंश) हे शब्द तिथल्या पारावरच्या गप्पांत येतात. घेणाऱ्याने कागद मागितला, म्हणून देणाऱ्याने लेबल वाचले. मुंबई-पुण्यात टोमॅटो आणि वांगी घेणारे आपण मात्र असा कागद मागत नाही, आणि आपल्या भाजीसाठी कोणी अंशतपासणी करून आणत नाही.

घरातील डासांच्या अगरबत्त्या, वड्या आणि फवारे हीसुद्धा कीटकनाशकेच आहेत. त्यांवर केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीचा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. रस्त्यावर सुट्या विकल्या जाणाऱ्या, "शंभर टक्के हर्बल" म्हणवणाऱ्या, पण लावताच खोलीतले सगळे डास पाडणाऱ्या अगरबत्तीवर तो क्रमांक नसेल, तर आत काय आहे हे कोणालाच ठाऊक नाही असे समजून ती घेऊ नये. आणि कोणतेही औषध, फिनेल किंवा ॲसिड शीतपेयाच्या बाटलीत काढून ठेवू नये; मूळ वेष्टन फेकले की सारे नियम त्याबरोबरच फेकले जातात.

खेळणी आणि क्रीम

हे दोन्ही विषय थोडक्यात सांगण्यासारखे आहेत. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. चिन्हाच्या खाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आहे आणि चालू आहे की नाही, हे दुकानात उभ्या उभ्या कळते. नुसते चिन्ह कोणीही छापू शकतो, म्हणून क्रमांक तपासल्याशिवाय समाधान मानू नये.

गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा असू शकतो. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार नकळत मिसळलेला पारासुद्धा साधारण प्रसाधनांत १ पीपीएमपेक्षा अधिक असता कामा नये. तरीही २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात मूत्रपिंडाच्या विकाराचे अनेक रुग्ण आढळले आणि डॉक्टरांनी त्याचा संबंध अशाच क्रीमशी जोडला. घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता व परवाना क्रमांक, आणि आयात मालावर आयातदाराचे नाव व नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक, यांपैकी काही नसेल तर डबी परत करावी, मग ती ब्युटी पार्लरमधल्या ओळखीच्या ताईंनी दिलेली का असेना.

मडक्याचे चिन्ह आणि "इको-फ्रेंडली" हा शब्द

आतापर्यंतच्या अटी किमान सुरक्षेच्या होत्या. त्यापुढे जाऊन पर्यावरणाला कमी घातक वस्तू कोणती, हे सांगण्यासाठी केंद्र सरकारने १९९१ मध्ये इकोमार्क योजना आणली. मातीचे मडके हे तिचे चिन्ह आहे. माती पुन्हा मातीत जाते, मडके घडवताना घातक कचरा होत नाही आणि ऊर्जाही थोडी लागते, हा त्यामागचा विचार मला अतिशय समर्पक वाटतो. जर्मनीने असे चिन्ह १९७८ मध्ये सुरू केले आणि तिथे ते रुजले. आपल्याकडे मात्र फार थोड्या उत्पादकांनी मडके घेतले. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये जुन्या योजनेच्या जागी इकोमार्कचे नवे नियम आले असून, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ भारतीय मानक ब्यूरोच्या साहाय्याने ते राबवते. साबण, डिटर्जंट, रंग किंवा कागद घेताना मडके दिसले तर त्या वस्तूला प्राधान्य द्यावे. दिसले नाही तर दुकानदाराला विचारून ठेवावे. मागणी नाही, हे कारण त्याला पुढे देता येऊ नये.

मडके नसताना हिरवे पान, पृथ्वीचा गोल आणि "नैसर्गिक", "ग्रीन", "इको-फ्रेंडली" असे शब्द छापलेल्या वस्तू मात्र रांगेने मांडलेल्या असतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा दाव्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार असे मोघम शब्द पुरेशा खुलाशाशिवाय आणि पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. म्हणून वेष्टनावर असा शब्द दिसला, की तो कशाच्या आधारावर आहे ते त्याच वेष्टनावर किंवा त्यावरील क्यूआर कोडमध्ये शोधावे. "फॉस्फेटविरहित" हा दावा तपासता येतो. "निसर्गाच्या जवळ" हा दावा तपासता येत नाही, आणि म्हणून त्यासाठी चार पैसे जास्त मोजू नयेत.

संस्थेसाठी खरेदी करताना

एकट्या गिऱ्हाइकाला दुकानदार टाळू शकतो, पण शाळा, गृहनिर्माण संस्था किंवा ग्रामपंचायत यांना टाळणे त्याला जड जाते. म्हणून दरपत्रके मागवतानाच अट लिहावी. आम्ही पुढच्या कामाच्या दरपत्रकात असे लिहिले : "पुरवठा करावयाचा प्रत्येक रंग घरगुती व सजावटी वर्गातील असावा, शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा अधिक नसल्याची छापील नोंद, बॅच क्रमांक व उत्पादनाचा महिना प्रत्येक डब्यावर असावा, नोंद नसलेले डबे पुरवठादाराने स्वखर्चाने परत न्यावेत आणि डब्यांच्या मागील बाजूची छायाचित्रे देयकासोबत जोडावीत." फिनेल, टॉयलेट क्लीनर यांसाठीही याच धर्तीवर घटकांची यादी आणि सुरक्षा माहितीपत्रक मागता येते. सफाई कामगारांना हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि ब्लीच एकाच वेळी वापरायला देऊ नये, ही अट त्यात आवर्जून घालावी; दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद संडासात तो जीवघेणा ठरू शकतो.

सर्वांत कमी दर देणाऱ्यालाच काम द्यायचे, हा आग्रह सभेत निघतो. अट आधी लिहिलेली असेल, तर ती पूर्ण करणाऱ्यांमधून सर्वांत कमी दर निवडता येतो आणि कोणालाही बोट ठेवायला जागा राहत नाही.

तक्रार करायची झाल्यास

प्रथम वस्तूची पुढची, मागची आणि बॅच क्रमांकाची छायाचित्रे घ्यावीत. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा नोंद क्रमांक लिहून ठेवावा. रंगाविषयीची तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयालाही लेखी द्यावी व पोहोच घ्यावी. आयएसआय चिन्हाविषयीची तक्रार बीआयएस केअर ॲपमधूनच करता येते. कीटकनाशकाविषयी वर सांगितलेच आहे. तक्रारीत "निकृष्ट", "फसवणूक" असे शब्द भरण्यापेक्षा, कोणत्या नियमानुसार कोणती नोंद असायला हवी होती आणि ती नाही, एवढे एका वाक्यात लिहावे. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत डबा, त्यातला उरलेला माल आणि मूळ बिल टाकून देऊ नये, आणि डबा मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी झाकण घट्ट लावून ठेवावा.